भाड्याची मोटार आणि दिव्यांगांचा प्रवासाचा हक्क

समजा, पोलिओमुळे दोन्ही पायांतील शक्ती गेलेले एक माध्यमिक शिक्षक आहेत. मोटार चालविण्याची रीतसर अनुज्ञप्ती त्यांच्याजवळ आहे. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालविता येतील असा फेरफार केलेली मोटार त्यांनी घेतली असून गेली कित्येक वर्षे ते रोज ती स्वतः चालवीत शाळेत जातात. एका प्रशिक्षण वर्गासाठी त्यांना रेल्वेने परगावी जावे लागते. स्थानकाबाहेर स्वतः चालविण्यासाठी मोटारी भाड्याने देणारे कार्यालय आहे. मोटारी ओळीने उभ्या आहेत, दरांचा फलक लावलेला आहे. शिक्षकांजवळ पैसे आहेत, अनुज्ञप्ती आहे आणि अनुभवही आहे. तरीही त्या रांगेतील एकही मोटार त्यांच्या उपयोगाची नाही, कारण प्रत्येक मोटारीचा ब्रेक पायाखाली आहे.

स्वतःच्या गावात स्वावलंबी असलेला हा नागरिक दोनशे किलोमीटर दूर जाताच परावलंबी होतो. त्याच्या शरीरात या प्रवासात काहीच फरक पडलेला नसतो. बदललेली असते ती मोटार. दिव्यांगत्वाचा किती भाग माणसाच्या शरीरात असतो आणि किती भाग त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेत असतो, हे या साध्या उदाहरणावरून ध्यानात येते. शरीरातील उणीव भरून काढणे वैद्यकशास्त्राला नेहमीच शक्य होत नाही. व्यवस्थेतील उणीव दूर करणे मात्र कायद्याला, प्रशासनाला आणि व्यावसायिकाला शक्य असते. ते कसे शक्य होते आणि कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

भाड्याच्या मोटारीचा व्यवहार दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात चालकासह मोटार मिळते. आपल्याकडील टॅक्सी, जीप आणि लग्नसराईत वा दवाखान्यासाठी ठरविली जाणारी खासगी गाडी या प्रकारात मोडते. दुसऱ्या प्रकारात ग्राहक मोटार ताब्यात घेऊन स्वतः चालवितो. गोव्यासारख्या पर्यटनस्थळी आणि मोठ्या शहरांत हा प्रकार चांगलाच रुजला आहे. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक असलेली मोटार दिसली, की ती अशा रीतीने भाड्याने दिली जाणारी मोटार आहे असे ओळखावे.

दोन्ही प्रकारांत दिव्यांग व्यक्तींपुढे निरनिराळ्या अडचणी उभ्या राहतात. चालकासह मोटार घेणाऱ्या व्यक्तीची चाकाची खुर्ची ठेवायला जागा नसते. सीएनजीवर चालणाऱ्या अनेक टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी बसविलेली असते आणि उरलेल्या जागेत घडी घातलेली खुर्चीही मावत नाही. टपावर करिअर असले तरी खुर्ची वर चढविण्याचा चालकास कंटाळा असतो किंवा तो त्यासाठी जादा पैसे मागतो. जीपसारख्या उंच वाहनात खुर्चीवरून आसनावर सरकणे कठीण जाते. स्वतः मोटार चालविणाऱ्यास हाताने चालविण्याची यंत्रणा हवी असते. अंध व्यक्तीला मोटार चालवायची नसते, परंतु बरोबरच्या चालकाकरिता ती आपल्या नावाने मोटार घेऊ इच्छिते; तेव्हा अनुज्ञप्ती नाही म्हणून तिची नोंदणीच नाकारली जाण्याचा संभव असतो. कर्णबधिर व्यक्तीला केवळ दूरध्वनीवर चालणाऱ्या नोंदणीचा उपयोग होत नाही.

भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींना हालचालींसंबंधीचे दिव्यांगत्व होते. महाराष्ट्रातील एकूण दिव्यांगांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. हे सर्वजण मोटार भाड्याने घेतील असे नाही. परंतु दवाखाना, परीक्षा, न्यायालय, नोकरीची मुलाखत वा नातलगाचे लग्न यांसाठी भाड्याच्या वाहनाची गरज यांतील कोणाला केव्हा पडेल, हे सांगता येत नाही.

हातनियंत्रक कसा असतो

हाताने मोटार चालविण्याची यंत्रणा फार गुंतागुंतीची असेल, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. तिच्या साध्या प्रकारात स्टिअरिंगच्या दांड्याजवळ एक तरफ बसविलेली असते आणि ती लोखंडी दांड्यांनी खालच्या दोन पायपट्ट्यांना जोडलेली असते. तरफ पुढे ढकलली की ब्रेक लागतो. ती खाली दाबली, मागे ओढली किंवा तिची मूठ पिळली की अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. एक हात तरफेवर गुंतलेला असल्याने दुसऱ्या हाताने चक्र सहज फिरविता यावे म्हणून स्टिअरिंगवर एक फिरती मूठ लावतात. ज्यांचा केवळ उजवा पाय निकामी आहे त्यांच्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर डाव्या पायाकडे घेता येतो.

आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीत ही यंत्रणा बसविणे सोपे असते, कारण तेथे क्लच नसतो. क्लच असलेल्या मोटारीत त्याचीही निराळी सोय करावी लागते. यंत्रणेचे काही प्रकार काढता-घालता येण्याजोगे असतात. त्यामुळे भाड्याची मोटार कायमची बदलावी लागत नाही. मागणी येताच यंत्रणा बसवावी आणि मोटार परत आली की काढून ठेवावी, असे करता येते. आणि यंत्रणा बसविलेली असतानाही पायपट्ट्या जागच्या जागी असतात. मात्र हे काम प्रशिक्षित कारागिराने, त्या मोटारीच्या बनावटीला अनुरूप अशा भागांनीच केले पाहिजे. ब्रेकशी संबंधित कामात हयगय चालत नाही.

अमेरिकेतील नियमांचा अभ्यास

तंत्र उपलब्ध असले तरी ते ग्राहकापर्यंत आपोआप पोहोचत नाही. वर्षातून थोड्याच वेळा येणाऱ्या ग्राहकासाठी यंत्रणा घेऊन ठेवण्याचे व्यावसायिकाला कारण वाटत नाही. आणि यंत्रणा नाही म्हणून असा ग्राहक येत नाही. मग मागणीच नाही, असा निष्कर्ष काढला जातो. हे चक्र कायद्याने कसे तोडता येते, याचे अभ्यसनीय उदाहरण अमेरिकेतील आहे, कारण तेथील नियमांत या यंत्रणेचा नावाने उल्लेख आहे.

अमेरिकेत दिव्यांग नागरिकांच्या हक्कांचा व्यापक कायदा २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या स्वाक्षरीने संमत झाला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात लोकांना सेवा पुरविणाऱ्या खासगी व्यवसायांची कर्तव्ये सांगितली आहेत. न्याय विभागाने १९९१ मध्ये त्याखालील नियम प्रसिद्ध केले आणि २६ जानेवारी १९९२ पासून या प्रकरणाचा अंमल सुरू झाला.

या नियमांचे पहिले तत्त्व असे, की अस्तित्वात असलेले अडथळे फारसा त्रास वा खर्च न होता दूर करता येत असतील, तर ते दूर केलेच पाहिजेत. हे तत्त्व ऐकायला मोघम वाटते. म्हणून नियमकर्त्यांनी त्याच्याजोडीला एकवीस उदाहरणांची यादी दिली. उतार बांधणे, दरवाजे रुंद करणे, प्रसाधनगृहात धरायचे दांडे बसविणे अशा कामांनंतर यादीतील एकविसावे आणि शेवटचे उदाहरण आहे ते वाहनात हातनियंत्रक बसविण्याचे. या एका ओळीमुळे यंत्रणा बसविणे हा आपल्या मर्जीचा प्रश्न आहे, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

दुसरे तत्त्व आकाराविषयी आहे. दिव्यांग व्यक्तीला समान सेवा देण्यासाठी जो खर्च येतो, तो त्याच व्यक्तीकडून जादा आकार लावून वसूल करता येत नाही. तो व्यवसायाच्या सर्वसाधारण खर्चात धरावयाचा असतो. उपाहारगृहाच्या दाराशी केलेल्या उताराचे भाडे जसे कोणी मागत नाही, तसेच हे आहे.

तिसरे तत्त्व कार्यपद्धतीचे आहे. व्यवसायाचा एखादा नियम दिव्यांग व्यक्तीच्या आड येत असेल, तर सेवेचे मूळ स्वरूप न बिघडविता त्यात वाजवी फेरबदल करावा लागतो. मदतनीस कुत्रा बरोबर असलेल्या ग्राहकाला ‘प्राणी चालणार नाहीत’ असे सांगता येत नाही. ज्यांना दिव्यांगत्वामुळे वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती मिळूच शकत नाही, त्यांच्याकडे ओळखीचा एकमेव पुरावा म्हणून तीच मागणे हा भेदभाव ठरतो.

विमानतळापासून मोटारींच्या आगारापर्यंत ग्राहकांना नेणाऱ्या गाड्यांचाही विचार तेथे झाला आहे. अशी सेवा सर्वांना दिली जात असेल, तर चाकाच्या खुर्चीवरील ग्राहकालाही तिचा तितकाच लाभ मिळाला पाहिजे. आगारात सोयीची मोटार उभी असून तेथवर पोहोचताच येत नसेल, तर त्या मोटारीचा उपयोग काय, असा व्यवहारी विचार यामागे आहे.

नियम झाले म्हणून आचरण लगेच बदलले असे नाही. अमेरिकेच्या न्याय विभागाला तक्रारींचा पाठपुरावा करावा लागला. १९९४ मध्ये त्याने अ‍ॅव्हिस या मोठ्या कंपनीबरोबर समझोता केला. पूर्वसूचना मिळताच हातनियंत्रक असलेली मोटार जादा आकाराशिवाय देण्याची बाब या समझोत्यात होती. पुढे पूर्वसूचना घेऊन अशी मोटार देण्याची पद्धत त्या व्यवसायात रूढ झाली. कायद्यात शिक्षेचीही तरतूद आहे. नागरिकाला न्यायालयाकडून सुधारणेचा आदेश मिळविता येतो. आणि शासनाच्या वतीने महान्यायप्रतिनिधी दावा लावू शकतात, त्यात पहिल्या उल्लंघनासाठी ५० हजार व पुढील उल्लंघनासाठी एक लाख डॉलरपर्यंत दंडाची मूळ तरतूद होती. चलनवाढीनुसार ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली.

कायद्याच्या मर्यादा

या कायद्याला मर्यादाही आहेत आणि त्या जाणून घेणे तितकेच आवश्यक आहे. वापरात असलेल्या वाहनात यांत्रिक उद्‌वाहक बसविल्याखेरीज दूर होणार नाही असा अडथळा दूर करण्याची सक्ती नियमांतून वगळली आहे. परिणामी, ज्याला खुर्चीतून उठून मोटारीच्या आसनावर बसता येते त्याची सोय झाली. ज्याला खुर्चीसहच वाहनात शिरावे लागते, त्याला बहुधा अशाच वाहनांचा व्यवसाय करणाऱ्या निराळ्या कंपन्यांकडे जावे लागते. पूर्वसूचनेची अटही अशीच आहे. इतर ग्राहक ऐनवेळी येऊन मोटार घेऊन जातो. दिव्यांग ग्राहकाला काही तास वा काही दिवस आधी कळवावे लागते. आकस्मिक प्रसंगी हे अंतर जाणवल्यावाचून राहत नाही.

भारतातील तरतुदी

आपल्या देशात या विषयाचा कायदेशीर पाया भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. दिव्यांग व्यक्तीला तिच्या इच्छेनुसार, तिला हव्या त्या वेळी आणि परवडेल अशा खर्चात हिंडता-फिरता यावे, ही जबाबदारी त्या कराराच्या विसाव्या अनुच्छेदाने राष्ट्रांवर सोपविली आहे. या करारास अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ करण्यात आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला.

या अधिनियमाचे कलम ४१ वाहतुकीविषयी आहे. सर्व प्रकारची वाहतूक दिव्यांगांना वापरता यावी, जुन्या वाहनांतही तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि आर्थिकदृष्ट्या परवडणारे बदल करावेत, असे ते सांगते. वैयक्तिक प्रवासासाठी सवलती, वाहनांतील फेरफार आणि साहाय्य यांच्या योजना आखण्याचे कर्तव्यही याच कलमाने शासनावर टाकले आहे. कलम ४६ तर थेट सेवा पुरविणाऱ्यांना उद्देशून आहे. सेवा शासकीय असो वा खासगी, सुगम्यतेचे नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती त्या नियमांप्रमाणे दिली पाहिजे. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजारांपासून पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तथापि, तत्त्व आणि व्यवहार यांच्यामध्ये नियमांचा पूल असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. २०१७ च्या नियमांतील नियम १५ (१) मध्ये ज्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख होता, त्या केवळ शिफारशीच्या स्वरूपाच्या होत्या. अधिनियम ज्या गोष्टी बंधनकारक करतो त्या नियमांनी ऐच्छिक ठरविता येणार नाहीत, असे सांगून न्यायालयाने तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत निश्चित करण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. नोंदणी आता बहुतांशी मोबाइलवरून होत असल्याने ३० एप्रिल २०२५ चा निर्णयही महत्त्वाचा आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे त्यात न्यायालयाने मान्य केले आहे.

एका शब्दाची अडचण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेने ‘अनुकूलित वाहना’ची नवी व्याख्या केली. पूर्वीच्या व्याख्येत अपंग व्यक्तीसाठी मुळातच खास बांधलेले वाहन तेवढे येत असे. नेहमीच्या वाहनात फेरफार करून घेतलेले वाहन तिच्यात बसत नव्हते. नव्या व्याख्येत तेही आले. कलम ५२ मधील सुधारणेनुसार कोणत्याही व्यक्तीस आपल्या मालकीच्या वाहनात असा फेरफार विहित अटींवर करून घेऊन नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी नंतर मिळविता येते. स्वतःची मोटार बाळगणाऱ्या दिव्यांग चालकासाठी ही मोठीच सुधारणा होय.

परंतु याच व्याख्येत असे वाहन केवळ त्या दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरलेले असावे, असेही म्हटले आहे. मोटार एका व्यक्तीच्या मालकीची असेल, तर ‘केवळ’ हा शब्द अडत नाही. भाड्याच्या मोटारीत मात्र तो अडतो. ती आज एका ग्राहकाकडे असते आणि उद्या दुसऱ्याकडे. सोमवारी यंत्रणा बसवून शुक्रवारी काढून ठेवलेल्या मोटारीची नोंद कशी करावयाची, प्रत्येक वेळी मंजुरी घ्यावयाची काय, विम्याच्या दृष्टीने तिची स्थिती काय, या प्रश्नांना स्पष्ट उत्तर असल्याखेरीज कोणताही व्यावसायिक पुढे येण्यास धजणार नाही. भाड्याच्या मोटारींसाठी असलेल्या ‘रेंट अ कॅब’ योजनेत १९८९ साली परवान्यासाठी किमान पन्नास मोटारींची अट घालण्यात आली होती. पन्नास मोटारींच्या ताफ्यामागे काढता-घालता येणारे एक-दोन संच ठेवणे हा खर्चाच्या दृष्टीने अवजड बोजा म्हणता येणार नाही. येथे पैशापेक्षा स्पष्ट नियमाची उणीव अधिक जाणवते. अमेरिकेच्या यादीतील त्या एका ओळीचे महत्त्व या ठिकाणी कळते.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

नियम करणे हे केंद्र व राज्य शासनाचे काम असले, तरी सर्व काही त्यावाचून अडून राहावे असे नाही. अनेक शासकीय कार्यालये निविदा मागवून वाहने भाड्याने घेतात. दिव्यांगांसाठी शासकीय नोकरीत किमान चार टक्के आरक्षण असल्याने या वाहनांतून दिव्यांग अधिकारी व कर्मचारीही प्रवास करणार, हे उघड आहे. निविदेच्या अटींतच डिकीत खुर्ची मावेल असे किमान एक वाहन, खुर्चीसाठी जादा आकार न घेण्याची हमी आणि चालकाचे प्रशिक्षण या तीन बाबी घालता येतील. मोठा ग्राहक अट घालतो तेव्हा व्यवसाय ती पाळतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

चालकाचे प्रशिक्षण म्हणजे मोठा अभ्यासक्रम नव्हे. मदत करण्यापूर्वी ‘कशी मदत करू?’ असे त्या व्यक्तीलाच विचारावे. तिच्या सोबत्याला विचारू नये. न विचारता उचलू नये. मोटार सपाट जागी आणि दार पूर्ण उघडेल इतके अंतर ठेवून उभी करावी. खुर्चीचे हात व पायटेकू कसे सुटे होतात ते समजून घ्यावे आणि ती घाईने आपटू नये, कारण ती मोडली तर त्या माणसाचे पायच मोडल्यासारखे होते.

टॅक्सी व जीप यांचे थांबे बहुधा बाजाराजवळ, खाचखळग्यांच्या जागी असतात. थांब्याची जागा सपाट करणे, गटारावर फरशी घालणे, उतार बांधणे ही कामे पंचायतीच्या आवाक्यातील आहेत. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, अशी राज्यात तरतूद आहे. तिचा विनियोग ठरविताना गावातील दिव्यांगांनाच विचारल्यास त्यांचा प्रवास कोठे अडतो, हे नेमके समजेल. शिक्षकांनीही सहलीसाठी वाहन ठरविताना वर्गातील दिव्यांग विद्यार्थ्याचा विचार आधी करावा. वाहन ठरल्यावर त्याचा विचार केला, तर तो विद्यार्थी बहुधा घरीच राहतो.

सेवा नाकारली गेल्यास तक्रारीचा मार्गही माहीत असावा. अधिनियमानुसार नेमलेल्या राज्य आयुक्तांना हक्क डावलल्याच्या तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार आहे. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय असून राज्याने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला आहे. तक्रारीत दिनांक, ठिकाण, वाहनाचा क्रमांक आणि मागितलेला जादा आकार यांचा उल्लेख असल्यास चौकशी सुकर होते.

भाड्याची मोटार ही तशी लहानशी बाब आहे. परंतु ज्या शिक्षकांच्या उदाहरणाने या लेखाचा प्रारंभ झाला, त्यांना त्या दिवशी कोणाची दया नको होती. त्यांना हवी होती एक तरफ, एक फिरती मूठ आणि सर्वांना लागू असलेलाच दर. इतके मिळाले असते, तर ते इतर प्रशिक्षणार्थींप्रमाणे वेळेवर वर्गात जाऊन बसले असते आणि त्यांच्या प्रवासाची चर्चा करण्याचे कोणाला कारणही उरले नसते. दिव्यांगांच्या हक्कांची खरी अंमलबजावणी झाली असे म्हणण्याचा दिवस तोच होय.